पाच गेले, चार परत आले

(ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

गोंदियाहून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, लाईट दोनदा गेलीय आणि माईक इन्व्हर्टरवर चालू आहे. मध्येच आवाज तुटला तर समजून घ्या.

आज इतिहासच सांगणार आहे, पण सुरुवात आमच्या घरातून करतो. माझी धाकटी बहीण बीएस्सी नर्सिंग झालीय. पुढच्या महिन्यात ती वर्षभरासाठी केनियाला चाललीय. नोकरीला नाही, स्वयंसेवक म्हणून. तिथल्या एका गावातल्या आरोग्य केंद्रात काम करायचं आणि राहायचं त्याच गावातल्या एका कुटुंबाकडे. हॉस्टेल नाही, भाड्याची खोली नाही. त्यांच्या चुलीवरचं जेवायचं, त्यांच्या अंगणातल्या बादलीनं आंघोळ करायची, आणि संध्याकाळी त्यांच्या पोरांसोबत बसायचं.

घरात हे कळलं तेव्हा आजीनं एकच वाक्य टाकलं, "लोकायच्या घरी वर्षभर रायाचं म्हंजे का खेळ आहे का बाप्पा?"

बहिणीनं मोबाईलवर यादी केलीय. एक्केचाळीस वस्तू. मच्छरदाणी, टॉर्च, मसाल्याचे डबे, लोणचं, तीन अ‍ॅडाप्टर. शिवाय ती अ‍ॅपवरून स्वाहिली शिकतेय, आणि त्यात एक भारी गंमत सापडलीय. स्वाहिलीत आईला म्हणतात 'मामा'. भावाला म्हणतात 'काका'. बहिणीला म्हणतात 'दादा'. म्हणजे तिकडं गेल्यावर मीच काका, आणि तीच दादा! आमच्या घरी दोन दिवस यावरच हसणं चालू होतं. फक्त एक शब्द दोन्हीकडे सारखा निघाला. वडिलांना तिकडेही 'बाबा'च म्हणतात.

तर परवा रात्री ती यादी घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "दादा, तू एवढा इतिहास सांगत असतोस. आपल्याकडचं कोणी असं गेलं होतं का आधी? त्यांनी काय तयारी केली होती?"

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. प्रश्न आला की आधीचा रेकॉर्ड शोधायची सवय. आणि रेकॉर्ड आहे. चांगला ठणठणीत आहे. आजचा भाग त्याच्यावर.

१९३८: पाच डॉक्टर

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलंय. व्ही. शांतारामांनी १९४६मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला, 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'. पण आपल्याला साधारण एवढंच आठवतं की सोलापूरचा एक डॉक्टर चीनला गेला आणि तिकडेच वारला. ते एकटे गेले नव्हते, हे मात्र विसरायला होतं. पाच जण गेले होते.

पार्श्वभूमी थोडक्यात. जुलै १९३७मध्ये जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी फौजांकडे डॉक्टर नव्हते, औषधं नव्हती. आठव्या मार्गसेनेचे सेनापती जू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. तेव्हा भारत स्वतंत्र नव्हता. आपलं सरकार नव्हतं, आपलं परराष्ट्र खातं नव्हतं. तरी काँग्रेसनं ठरवलं की आपण डॉक्टरांचं पथक पाठवायचं. १९३८मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी लोकांना आवाहन केलं, निधी गोळा झाला आणि डॉक्टरांची निवड झाली.

ते पाच जण असे. पथकाचे प्रमुख डॉ. मदनमोहन अटल, अलाहाबादचे. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करून आलेला अनुभवी माणूस. उपप्रमुख डॉ. चोळकर. मग सोलापूरचे डॉ. कोटणीस. आणि कलकत्त्याचे दोघं, डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी.

आता डॉ. चोळकर कुठले, माहितीय? नागपूरचे. म्हणजे आपल्या गोंदियाहून रेल्वेनं सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरचे. पथकात वयानं सगळ्यात मोठे तेच होते, साठीच्या जवळ आलेले.  त्या वयात माणूस दवाखाना पोराच्या हाती देऊन अंगणात खुर्ची टाकून बसतो. हे गृहस्थ बोटीत बसून युद्ध चालू असलेल्या देशात गेले. मी विदर्भात वाढलो, इथंच शिकलो, आणि हे नाव मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं.

कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. जन्म १० ऑक्टोबर १९१०चा. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झालेले, पुढच्या शिक्षणाच्या तयारीत असलेले. त्यांनी अर्ज केला आणि घरी परवानगी मागितली. त्यांच्या बहिणीनं पुढे अनेक वर्षांनी सांगितलं की घरच्यांना चीनबद्दल फारसं काहीच माहीत नव्हतं. चिनी रेशीम विकायला दारावर माणसं यायची, तेवढाच चीन त्यांना ठाऊक. आणि एवढ्या दूर जाणार म्हणून आई फार दुःखी झाली होती.

हे मी बहिणीला सांगितलं तेव्हा ती गप्प बसली. कारण आमच्या घरीही केनिया म्हणजे टीव्हीवरचे सिंह, यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं.

१ सप्टेंबर १९३८ला मुंबईहून बोट निघाली. त्याच महिन्यात पथक चीनमध्ये उतरलं. हानकौ, इचांग, चुंगचिंग, शीआन असं करत करत फेब्रुवारी १९३९मध्ये ते येनानला पोचले. हे सगळं सलग लिहिलं की एका ओळीत संपतं, पण जपानी विमानांच्या बॉम्बवर्षावातून, गर्दीच्या रस्त्यांवरून, ट्रकमधून झालेला तो प्रवास आहे.

नाव, जेवण आणि बिछाना

आता आपल्या मुद्द्यावर येऊ. परक्यांच्या घरी राहायचं म्हणजे काय होतं?

पहिलं, नाव बदललं. पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ' हा शब्द जोडला. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव झालं 'के दिहुआ'. हे मला आपल्याकडच्या जुन्या लग्नांसारखं वाटतं. सासरी नाव बदलायचे तसं. फरक एवढाच की यात जुनं नाव पुसलं नाही. 'के' हा कोटणीसांचाच पहिला आवाज.

दुसरं, जेवण. उत्तर चीनच्या त्या डोंगराळ भागात रोजचं धान्य म्हणजे राळा. आपल्याकडे आजी-पणजीच्या काळात खायचे ते बारीक पिवळं भरड धान्य. त्याची पेज, त्याचा भात. सोलापूरच्या ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ते कदाचित फार परकं वाटलं नसेल, पण सकाळ-संध्याकाळ तेच, आणि तेही युद्धामुळे मोजून मिळायचं.

तिसरं, राहणं. येनानला लोक डोंगरात कोरलेल्या घरांमध्ये राहायचे. दवाखानाही तशाच गुहेत. पुढे आघाडीजवळच्या खेड्यांत गेल्यावर तर दवाखान्याची अशी इमारतच नव्हती. इमारत बांधली की शत्रू ती जाळणार. मग जखमी सैनिकांना शेतकऱ्यांच्या घरात ठेवायचे. एका घरात दोन, दुसऱ्या घरात तीन. घरची माणसं त्यांना भरवायची आणि डॉक्टर घरोघरी फिरायचे. थंडीत झोपायला विटांची रुंद ओटी, खालून चुलीची ऊब जाईल अशी बांधलेली. तिला तिकडे 'कांग' म्हणतात. त्यावर सगळं घर ओळीनं झोपतं.

म्हणजे कोटणीस एका यजमान कुटुंबाकडे राहिले असं नाही. खेडंच त्यांचं यजमान होतं.

आणि चौथं, भाषा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. कोटणीसांनी सुरुवातीपासून चिनी भाषा शिकायला घेतली. पुढे ते तिथल्या वैद्यकीय शाळेत चिनीतून शिकवू लागले. दुभाषा घेऊन औषध देता येतं. पण रात्री दोन वाजता वेदनेनं कण्हणाऱ्या माणसाशी बोलायला दुभाषा कुठून आणणार? जानेवारी १९४१मध्ये त्यांना बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचं प्रमुख केलं गेलं. नॉर्मन बेथून हे कॅनडाचे डॉक्टर, तेही असेच स्वतःहून आलेले. शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन ते १९३९मध्ये वारले होते. त्यांच्या नावाचं ते रुग्णालय.

१९४१च्या अखेरीला कोटणीसांनी तिथल्याच परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. पण कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. ९ डिसेंबर १९४२ला ते गेले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

एक प्रश्न

इथपर्यंत मी सांगितलं आणि थांबलो. मला वाटलं बहीण म्हणेल, वा, काय माणूस होता. ती म्हणाली, "आणि त्यांचे वडील?"

तर हेही सांगायला हवं. पथक चुंगचिंगमध्ये होतं, येनानला निघायच्या आधी, तेव्हा कोटणीसांना वडील वारल्याची बातमी मिळाली. परत जा, असं सहकाऱ्यांनी सुचवलं. ते गेले नाहीत. पुढच्या रस्त्याला लागले.

बहीण लगेच म्हणाली, "म्हणजे मला हेच शिकायचंय का?"

मंडळी, आमच्या बाबांच्या हृदयात मागच्या वर्षी दोन स्टेंट बसवलेत. त्यांची तब्येत आता ठीक आहे, रोज सकाळी ते रेल्वे लाईनपर्यंत फिरून येतात. पण एक्केचाळीस वस्तूंच्या त्या यादीत जे लिहिलेलं नव्हतं, ते हे होतं. बाबांना काही झालं तर? राहू की येऊ?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, उद्या सांगतो. आणि रात्री पुन्हा वाचायला बसलो. तेव्हा लक्षात आलं की आपण ही गोष्टच अर्धी सांगतो.

पाचातले चार परत आले. डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी १९३९मध्येच परतले, प्रकृतीच्या कारणानं. मग डॉ. अटल परतले. डॉ. बसू त्यानंतरही येनानला राहिले आणि १९४३मध्ये आले. त्यांनीच पुढे अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचाच अर्थ असा की, 'आणि एक जण परत आला नाही'. आपण त्या एकाचे पुतळे उभारले, आणि ते बरोबरच केलं. पण त्यामुळे झालं असं की सेवेला जाणं म्हणजे परत न येणं, असं आपल्या डोक्यात बसलं. जो परत आला तो कमी पडला, असं. साठीच्या जवळचा नागपूरचा एक डॉक्टर युद्धात जातो, त्याची तब्येत साथ देत नाही, तो परत येतो. यात कमी काय आहे? पण त्याचं नाव मला सत्ताविसाव्या वर्षी कळतं.

आमच्या कामात नवीन काही सर्व्हरवर चढवायचं असेल तर आधी विचारतात, रोलबॅक प्लॅन काय आहे? म्हणजे बिघडलं तर मागं कसं यायचं. तो लिहिलेला नसेल तर मॅनेजर परवानगीच देत नाही. त्याचा अर्थ आम्ही घाबरट आहोत असा नसतो. मागचा रस्ता ठरलेला असला की माणूस पुढं निवांत जातो.

१८८३: तीन वर्षं पत्रं

दुसऱ्या दिवशी मी तिला दुसरी गोष्ट सांगितली. ही सेवेला जाण्याची नाही, शिकायला जाण्याची आहे. पण परक्या घरी राहायला जाण्याची तयारी कशी करावी, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात पक्कं उदाहरण हेच. डॉ. आनंदीबाई जोशी.

गोपाळराव जोशी पोस्टात कारकून. बायकोला शिकवायचं हे त्यांचं वेड. त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, ते पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आलं. १८८०मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेलं ते मासिक त्यांनी चाळलं. पत्र वाचलं. आणि आनंदीबाईंना लिहिलं.

पुढची तीन वर्षं दोघींचा पत्रव्यवहार चालला. बोटीनं जाणारी पत्रं, उत्तराला महिने लागायचे. त्यात काय असायचं? चालीरीती, सण, धर्म, बालविवाह, बायकांची आजारपणं. म्हणजे आनंदीबाई रोझेलच्या दारात उभ्या राहिल्या तोवर त्या घराला त्यांच्याबद्दल पुष्कळ माहीत होतं, आणि त्यांना त्या घराबद्दल. आनंदीबाई कार्पेंटर बाईंना मावशी म्हणायच्या. नातं आधी जुळलं, घर नंतर दिसलं.

दुसरी तयारी त्याहून भारी. २४ फेब्रुवारी १८८३ला कलकत्त्याजवळच्या सेरामपूरच्या कॉलेजात त्या भाषणाला उभ्या राहिल्या. वय सतरा. लोक त्यांना जे जे विचारत होते ते सगळे प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेलाच का? इथं शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? संकट आलं तर काय करशील? आणि जे आजवर कुणा बाईनं केलं नाही ते तू का करावंस? सहा प्रश्न. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हेही त्यांनी सांगून टाकलं. काय बदलणार नाही, ते निघायच्या आधी, सगळ्यांसमोर.

७ एप्रिल १८८३ला कलकत्त्याहून त्या निघाल्या. ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. कार्पेंटर बाई धक्क्यावर घ्यायला आल्या होत्या. तो उन्हाळा रोझेलच्या घरी गेला. कुंकू राहिलं, शाकाहार राहिला. नऊवारीत थंडी भागत नाही म्हणून साडी नेसायची पद्धत मात्र बदलली, गुजराती वळणाची केली. धर्म धरून ठेवला, नेसण बदललं. कशाला धरायचं आणि कशाला सोडायचं, हे त्यांना स्वतःशी स्पष्ट होतं.

त्रास कुठं झाला बघा. कार्पेंटरांच्या घरी नाही. कॉलेजसाठी फिलाडेल्फियाला गेल्यावर. तिथं मिळालेल्या खोलीतली शेगडी धूर सोडायची. पेटवली तर धूर, नाही पेटवली तर थंडी. तब्येत तिथं खालावत गेली. घर मायेचं असलं तरी ते घर सोडून कामाच्या जागी जावंच लागतं. यजमान चांगले मिळाले म्हणजे सगळं झालं असं नसतं.

११ मार्च १८८६ला पदवी मिळाली. त्या वर्षाअखेरीला त्या भारतात परतल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक हातात होती. पण क्षय बळावला होता. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंकडे पाठवली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी गावच्या दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. आजही आहे.

दातांच्या दवाखान्यात हाती लागलेल्या मासिकापासून सुरू झालेलं नातं इथवर आलं. बहीण म्हणाली, "म्हणजे त्यांनी तिला घरचीच धरली." हो. घरचीच.

आपण यजमान होतो तेव्हा

एक छोटी गोष्ट उलट्या दिशेची. १९६६मध्ये अमेरिकेच्या पीस कोअरमधून एक परिचारिका मुंबईला आली. विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत दवाखान्यात काम केलं. वय किती? अडुसष्ट! नाव लिलियन कार्टर. पुढे त्यांचा मुलगा जिमी अमेरिकेचा अध्यक्ष झाला. येण्याआधी शिकागो विद्यापीठात त्यांचं प्रशिक्षण झालं होतं. इथं साधारण एकवीस महिने काम केलं, घरी पत्रं लिहीत राहिल्या, आणि मुदत संपल्यावर १९६८मध्ये घरी गेल्या. ती पत्रं पुढे पुस्तकरूपानं आली.

मला ही गोष्ट आवडते, कारण यात कुणी मरत नाही. बाई येते, काम करते, परत जाते. सेवेची गोष्ट अशीही असते, आणि बहुतेक वेळा अशीच असते.

मग काय ठरलं?

आता आमच्या घरी काय झालं ते सांगतो आणि थांबतो.

पहिलं, बहिणीनं तिकडच्या 'मामा'ला व्हॉट्सअ‍ॅपवर सविस्तर लिहिलं. आधी त्यांचं बोलणं 'हाय-हॅलो' आणि फुलांचे फोटो एवढंच होतं. आता तिनं लिहिलं की मी मांस खात नाही, पण तुमच्या ताटाशेजारी बसून जेवायला मला काही अडचण नाही. मला भांडी घासता येतात, मक्याची उगाली करायला शिकायचीय. मी रोज रात्री अर्धा तास घरी बोलेन. उत्तर आलं ते वाचून आई पहिल्यांदा हसली. तिकडच्या बाईंनी विचारलं होतं, चपाती येते का करायला? आमच्याकडे चपाती आणि चहा दोन्ही चालतं, चहाला आम्हीही 'चाय'च म्हणतो.

दुसरं, आनंदीबाईंसारखे सहा प्रश्न आम्ही कागदावर लिहिले. आजीलाही विचारायला सांगितलं. तिनं विचारलं, "त्या घरी पटलं नाही तर कोणाले सांगशील?" खरं सांगतो, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. मग कार्यक्रम चालवणाऱ्यांना मेल करून विचारलं, घर बदलून मागता येतं का, त्यासाठी कुणाला फोन करायचा. तो नंबर आता यादीत बेचाळिसावा आहे.

तिसरं, बाबांचं. हे सगळ्यात अवघड गेलं. बाबा म्हणाले, "मला काही झालं तर तिला कळवू नका. तिचं वर्ष वाया जाईल." आपल्याकडे हे घरोघरी चालतं. परीक्षा आहे, सांगू नका. परदेशात आहे, सांगू नका. आल्यावर कळेल. चांगल्या मनानंच करतात, पण परत आलेल्या माणसाच्या मनातून ते आयुष्यभर जात नाही.

मी बाबांना कोटणीसांचं सांगितलं. म्हटलं, ते परत आले नाहीत, तो त्यांचा निर्णय होता. पण त्यांना बातमी मिळाली होती म्हणून तो त्यांचा निर्णय झाला. बातमीच दिली नसती तर? मग ते राहिले असं म्हणता आलं नसतं, त्यांना अंधारात ठेवलं असं म्हणावं लागलं असतं. तिला कळवायचं. लगेच, खरं खरं, आहे तेवढं. मग ती राहील किंवा येईल. राहिली तर आपण बोल लावायचा नाही. आली तर 'काम अर्धं टाकून आली' असं कुणी म्हणायचं नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे मी वेगळ्या खात्यात ठेवलेत, त्याला हात लावायचा नाही.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या चोळकरांना परत आल्यावर कोणी बोललं असेल का रे?"

मला माहीत नाही, म्हटलं. पण आपण बोलायचं नाही.

तर मंडळी, पुढच्या महिन्यात विदर्भ एक्सप्रेसनं गोंदियाहून मुंबई, आणि तिथून पुढं विमान. आई, बाबा, आजी सगळे स्टेशनवर येणार आहेत. आजी डब्यात चकल्या भरणार, आणि त्या विमानतळावर सामानात बसणार नाहीत, म्हणून त्या मला खायला मिळणार.

तुमच्यापैकी कुणी असं बाहेर राहायला गेलं असेल, किंवा तुमच्या घरी कुणी परदेशी पाहुणा महिनोन्‌महिने राहिला असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. विशेषतः आजीचा प्रश्न, घर पटलं नाही तर काय केलंत, तो सांगा. आणि नागपुरात कुणाकडे डॉ. चोळकरांबद्दल जुनी कात्रणं, फोटो असतील तर नक्की कळवा. त्यांच्यावर एक अख्खा भाग करायचा आहे.

सोलापूरला गेलात तर कोटणीसांच्या घराचं स्मारक झालंय, तिथंही जाऊन या.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर लाईट टिकली तर. नमस्कार!